पट भरला नाही

९ डिसेंबर २०११
हडपसर

परवीन बाई,

अंगठे धरून नमस्कार. माझा हाच नमस्कार तुम्हाला सवयीचा आहे.

फोन तुम्ही उचलत नाही. बरोबरच आहे. 'गॅसवाला बोलतोय, खाली या' म्हणून तुम्हाला तीनदा रिकामा सिलिंडर घेऊन जिन्यात उभं केलं, तो मीच. म्हणून आता पत्र. पत्ता तुळजाच्या वहीत सापडला. माझी बहीण असून तुमची कशी लाडकी झाली काय माहीत. तिची सातवीची दोनशे पानी वही अर्धी कोरीच आहे, त्यातलीच पानं फाडली.

बातमी अशी की, रविवारी तुमच्या शाळेचं उद्घाटन झालं. शाळेचं म्हणजे विरंगुळा केंद्राचं. इमारत तीच. नगरसेवकांनी फीत कापली. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष संपतराव, फेटा बांधून शेजारी उभे. सातवीच्या वर्गात कॅरम आणि पाचवीच्या वर्गात दिवाण अन् टीव्ही. तुमच्या ऑफिसात बीपी मोजायचं मशीन. फळ्यावर सुविचाराच्या जागी आता 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहितात. सुविचार रोज बदला म्हणून तुम्ही पोरांच्या मागं लागायचात. हा आपोआप बदलतो.

आणि मुलींच्या संडासाला दार बसलं, अभिनंदन! तीन वर्षांत अकरा अर्ज केले होते ना तुम्ही? तुळजा सांगायची, दोघी-दोघी जायच्या, एक आत आणि एक बाहेर ओढणी धरून. म्हाताऱ्यांना एकवीस दिवसांत दार आलं, कमोड आला, धरायला स्टीलचा दांडा आला. जयसिंग नाना आतनं बाहेर येऊन म्हणाले, "विमानतळावर गेल्यावानी वाटतं रं." नाना एसटी स्टँडच्या पुढं कधी गेले नाहीत.

हे कसं झालं ते तुम्हाला कुणी सांगणार नाही, मी सांगतो. जूनमध्ये नगरसेवक संघात आले होते. चहा मीच देत होतो. ते म्हणाले, "आबा, निधी एकाच कामाला पुरतोय. शाळेचं छप्पर करू का तुमचं केंद्र?"

आबा म्हणाले, "शाळेत पोरं किती?"

"पटावर त्रेचाळीस."

"त्यातली गावची किती?"

"सहा. बाकीची बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांतली."

"त्यांच्या आयाबापांची मतं कुठं हायत?"

नगरसेवक हसले. "लातूर, नांदेड, गुलबर्गा."

"आमची तीनशे ऐंशी हायत. समदी हितं. पाऊस असू दे, न्हायतर दम लागू दे, एक बी चुकत न्हाय."

मग नगरसेवकांनी बशीत चहा ओतला. "पण भरलेली शाळा बंद करता येत नाही, आबा. रिकामी असली तर बघू."

एवढंच झालं. भांडण नाही, काही नाही. बशीतला चहा संपायच्या आत तुमची शाळा संपली.

बदली होऊन पाषाणच्या शाळेत रमला असाल. भिंतीवर बसलेल्या माझ्याकडं बोट करून पोरांना म्हणाला होतात, "पाढे नाही आले की हे होतं." चाळीस पोरं हसली. तुळजा हसली का नाही, ते मी बघितलं नाही. आता भिंत आहे तिथंच आहे, पाढे म्हणणारं कुणी नाही.

तुमचा नववी नापास,
मच्छिंद्र


२४ डिसेंबर २०११

बाई,

तुमचं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, माझंच पत्र परत! लाल पेनानं अठरा चुका, खाली शेरा: 'दहापैकी चार. पत्ता बरोबर लिहिला आहेस. तुळजा शाळेत जाते का, एवढंच कळव.'

नगरसेवक, आबा, संडास, कशाबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही सुधारणार नाही.

जाते. म्हणजे आठवड्यातनं तीन दिवस जाते. नवी शाळा सोलापूर रोडच्या पलीकडं, अडीच किलोमीटर. 'पोरांचं समायोजन केलं' असं पालिकेच्या कागदावर आहे. पत्र्याच्या खोल्यांतल्या पोरांपैकी त्या शाळेत एकही पोचलं नाही. त्यांचं समायोजन विटांवर झालं.

तुळजाला सोडायचं आणि आणायचं काम माझ्याकडं दिलं होतं. गाडी आहे, पेट्रोल आई देते, दुसरा उद्योग नाही. आठ दिवस नेलं-आणलं, शपथ. नवव्या दिवशी मी आणि माझ्या दोस्तानं, श्यामनं, संघातल्या गेनबांच्या नव्या बंगल्याला पाटी लावली, 'भाड्याने देणे. फक्त कॉलेजच्या मुलींना', खाली गेनबांचा नंबर. तासाला वीस फोन. गेनबा पहिल्यांदा चिडले, मग आवाज गोड करून बोलायला लागले. आम्ही भिंतीमागं लोळत होतो. पाच कधी वाजले कळलं नाही. सहा पण.

तुळजा चालत आली. तो रोड तुम्ही बघितलाय. मी म्हणलं, "रडलीस का?" तर म्हणाली, "नाही. रस्ता मोकळा होईपर्यंत ट्रक मोजले. एकशे सतरा."

आई म्हणाली, "बास झाली शाळा." मग पप्पा म्हणाले, टेम्पो त्या बाजूला असला की सोडीन. असे ते तीन दिवस.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं. लाल पेन लावू नका.

मच्छिंद्र


१९ जानेवारी २०१२

बाई,

मागच्या पत्राला सहा मिळाले, आभारी आहे. शिष्यवृत्तीचं पुस्तक तुळजाला पोचलं. अठरा मार्चची परीक्षा तिच्या लक्षात आहे. फॉर्म तुम्ही दिवाळीआधीच भरला होता, हे आम्हाला आता कळलं. पास झाली तर मुलींच्या वसतिगृहात आठवीला घेतील, असं तुम्ही लिहिलंय. वाचून ती दिवसभर बोलली नाही. खूश झाली की ती बोलत नाही.

आता दुसरी बातमी. आबा पडले.

कुठं पडले ते ऐका. केंद्रात. शाळेत शहाबादी फरशी होती, खडबडीत. तिच्यावर पोरं दिवसभर पळायची, कुणाचं काही मोडलं नाही. म्हाताऱ्यांनी हट्टानं चकचकीत टाइल्स मागून घेतल्या, तोंड दिसतं म्हणून. कॅरमच्या सोंगटीमागं आबा उठले आणि घसरले. खुब्याचं हाड. आत रॉड घातलाय. डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिने पलंग, पुढचं पुढं.

मी हसलो नाही. श्याम हसला. मी नंतर हसलो.

घरी आणल्यावर सगळे पलंगाभोवती बसले. आईची पॅकिंगच्या कारखान्यात ड्युटी, पप्पांचा टेम्पो. आई म्हणाली, "घरात माणूस पाहिजे." घरात माणूस होता, भिंतीला टेकून शेंगा खात होता. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

आबाच म्हणाले, "माझं भांडं पोरगं काढणार न्हाय. त्याच्या हाताला काय वळण हाय का? बाईमाणूस पायजे."

आई म्हणाली, "मग तुळजा ऱ्हाईल. सातवीच तर हाय. फुडच्या वर्षी बसंल."

तुळजाला कुणी विचारलं नाही. मलाही नाही. मी पण कुणाला आठवण करून दिली नाही की मी दिवसभर मोकळा असतो. शेंगा संपवल्या.

आता ती पलंगापाशी खाली बसून गणितं करते. आबांनी हाक मारली की पानात बोट ठेवून उठते. एका हातानं पुस्तक आणि एका हातानं भांडं. तिला म्हणलं, "पानात बोट काय ठेवतेस, कागद ठेव." तर म्हणाली, "बोट असलं की लवकर परत येते."

मच्छिंद्र


२० फेब्रुवारी २०१२

बाई,

तुम्ही एवढ्या लांबनं दोन बस बदलून पत्र्याच्या खोल्यांवर येऊन गेलात, हे मला परवा कळलं. आमच्या घरी नाही आलात. तुमच्या पत्रात या वेळी एकच ओळ आहे. 'तो तू होतास का?'

होतो.

ऑक्टोबरात पटपडताळणी होती. म्हणजे माणसं येऊन वर्गातली पोरं मोजणार, मोजलेल्या पोराच्या बोटाला शाई लावणार, म्हणजे तेच पोरगं दुसऱ्या शाळेत उभं करता येणार नाही. हे तुम्ही पोरांना सांगितलंत, तुळजानं घरी सांगितलं, आबांनी ऐकलं. आदल्या दिवशी संध्याकाळी आबांनी मला पारावर बोलावलं. फक्त एवढं म्हणाले, "मच्छ्या, उद्या शाळा भरलेली दिसली तर केंद्र गेलं. तुला गावात एवढ्या गमती सुचत्यात. एक आमच्यासाठी सुचव की."

मी खोल्यांवर गेलो. पांढरा शर्ट घातला आणि खिशाला पेन लावलं. म्हणलं, उद्या शाळेत सरकारी माणसं येणार आहेत, पोरांच्या बोटाला शाई लावणार आहेत, मतदानाला लावतात तीच. ज्याला शाई लागली त्याचं नाव इथं पक्कं.

गुलबर्ग्याची एक बाई होती, कडेवर पोर. तिनं विचारलं, "इथं नाव लागलं तर गावाकडचं कटतं का, दादा?"

मी म्हणलं, "कटतं."

"रेशनकार्डावरचं बी?"

"पहिलं तेच."

बाई, मी एवढंच बोललो. बाकीचं काम त्यांनीच केलं. त्यांची म्हातारी माणसं गावाकडं त्या कार्डावर जगतात. एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत बातमी जाताना मी ऐकत उभा होतो. चौथ्या खोलीत पोचेपर्यंत घर पण जाणार होतं.

सकाळी तुमच्या शाळेत चौदा पोरं. माणसं मोजत होती आणि तुम्ही खोल्यांकडं पळालात. चपलेचा अंगठा तुटला तशी चप्पल हातात घेतलीत. दारं वाजवत होतात, एकेका पोराला नावानं हाका मारत होतात, आणि आतनं कड्या. मी भिंतीवरनं मोबाइलवर शूटिंग केलं. दुपारी संघात दाखवलं. गेनबा हसून हसून खोकत लाल झाले. जयसिंग नानांनी ब्लूटूथनं मागून घेतलं. आबांनी माझ्या पाठीवर हात मारला, म्हणाले, "शाबास." त्यांच्या तोंडनं हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तुमच्या तोंडनं तर ऐकलाच नव्हता.

याच्यापुढं मी चार ओळी लिहिल्या होत्या. खोडल्या. रडगाणं वाटत होतं.

मतदान झालं. आबांना खुर्चीत बसवून चौघांनी केंद्रावर नेलं. बोटाला शाई लावून आले आणि ते बोट दोन दिवस सगळ्यांना दाखवत होते. शाई तुळजानं साबणानं घासून बघितली, निघाली नाही.

तिला यातलं काही माहीत नाही. ती समजते, पोरं कामावर गेली म्हणून आली नाहीत. तुम्ही सांगू नका. एवढं मागतो.

मच्छिंद्र


११ मार्च २०१२

बाई,

तुम्ही लिहिलंत, 'सांगायचं ते तू सांगशील, मी नाही. अठरा तारखेला सकाळी दहाला तिला हडपसरच्या परीक्षा केंद्राच्या गेटवर आण. हॉल तिकीट माझ्याजवळ आहे. डबा मी आणते. एवढं कर.'

करतो. या वेळी गंमत नाही.

त्या रविवारी आईला ओव्हरटाइम आहे, पप्पा नगरला भाडं घेऊन जाणार. तुळजाला गेटवर सोडून अर्ध्या तासात मी घरी. मग संध्याकाळपर्यंत आबांजवळ मीच. आईला सांगितलं तर ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "तुला जमंल?" तुळजा म्हणाली, "मी शिकवते."

चार दिवस झाले शिकतोय. पाणी कोमट घ्यायचं. आधी एक हात पाठीखाली, मग भांडं. काम होईपर्यंत तोंडाकडं बघायचं नाही, खिडकीकडं बघायचं. नंतर काहीतरी बोलायचं, म्हणजे त्यांना वाईट वाटत नाही. मी म्हणलं, "काय बोलायचं?" ती म्हणाली, "मी पाढे म्हणते. ते पण म्हणतात माझ्याबरोबर. अडीचकी त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते."

आबा माझ्या हाताखाली गप्प पडून असतात. तुळजानं युनिफॉर्म धुऊन उशीखाली घडी घालून ठेवलाय. अंगात घालून बघितला, तर बाह्या दोन बोटं आखूड. आईनं शिवण उसवून दिली.

दहाला गेटवर.

मच्छिंद्र


२ एप्रिल २०१२

बाई,

तुमचे नऊ मिस्ड कॉल बघितले. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला फोन केलात आणि मी उचलला नाही. मग तुमचं पत्र आलं, तुळजाच्या नावानं. पोस्टमन माझ्याच हातात देतो. फोडून वाचलं. 'रागावले नाही, काय झालं तेवढं कळव, बाळा.' ते तिला दिलेलं नाही.

काय झालं ते मी कळवतो.

अठरा तारखेला सकाळी नऊ वाजता तुळजा आतल्या खोलीत वेणी घालत होती. एक वेणी झाली होती. आबांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"पोरगी पास व्हनार," म्हणाले.

"होईल की."

"पास झाली की हॉस्टेलात जानार. मग माझं कोन करनार? तू?"

"करतोय की अकरा दिवस."

"अकरा दिवस पोरखेळ झाला. तुझ्या हातात मी मरनार हाय मच्छ्या, घाणीत. मला म्हाईत हाय, तुला बी म्हाईत हाय." मनगट धरलं माझं. अजून जोर आहे हातात. "ती आज गेली, तर संध्याकाळी तिला सांगीन शाळा कुणी मोडली. जयसिंगाच्या मोबाइलात तुझं शूटिंग अजून हाय. त्यात तुझं हसणं बी ऐकू येतंय."

मी म्हणलं, "तुम्हीच सांगितलं होतं ना मला?"

"मी म्हातारा मानूस. मला काय कोन बोलनार?"

पाच मिनिटं मी विचार केला, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. तेवढा पण केला नाही. मोबाइल कानाला लावून आतल्या खोलीच्या दारात गेलो. "हां बाई... काय सांगता? फुटला? कधी?... बरं बरं, सांगतो."

मला आवाज काढायला शिकावं लागत नाही, तुम्हाला माहीत आहे.

तुळजाच्या हातात दुसरी वेणी तशीच. म्हणाली, "काय झालं?"

"पेपर फुटला म्हणे. परीक्षा पुढं गेली. तारीख कळवणार आहेत."

"बाई तुझ्याशी बोलल्या?"

"कामापुरतं."

"मला द्यायचा ना फोन."

"ठेवला त्यांनी. गडबडीत होत्या."

तिनं वेणी सोडली. युनिफॉर्म काढला, पहिल्या घडीवरच परत घडी घातली. मग पाणी तापवायला गेली, आबांची वेळ झाली होती. थोड्या वेळानं दोघांचा अडीचकीचा आवाज यायला लागला. आबांचा जास्त मोठा होता.

मी गाडी काढून परीक्षा केंद्रावर आलो. का आलो ते विचारू नका. तुम्ही गेटवर होतात. हातात दोन डबे आणि हॉल तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत. मी समोर रसवंतीच्या आडोशाला होतो, गाडीच्या पुढच्या चाकाला घासून रिक्षा जात होत्या तरी हललो नाही. बाकीच्या पोरी आत गेल्या. अकराला वॉचमननं गेट लावलं, तरी तुम्ही फोन कानाला लावून रस्त्याकडंच बघत होतात, आणि माझ्या खिशात फोन थरथरत होता. दीड वाजता तुम्ही एक डबा वॉचमनला दिलात. दुसरा उघडला नाहीत. बसस्टॉपवर गेलात तेव्हा मी निघालो.

आता काम सांगतो, त्यासाठीच हे पत्र आहे.

ती रोज विचारते, "तारीख आली का?" सकाळी आबांचं आवरलं की पुस्तक घेऊन बसते. सगळं एकदा संपलं, आता पुन्हा पहिल्या पानापासून. निकाल लागेल तेव्हा त्या पलीकडच्या शाळेतल्या पोरी येऊन सांगतील आणि सगळं उघडं पडेल. त्याच्या आधी तुम्ही तिला एक पत्र लिहा. परीक्षा फक्त पुण्यापुरती रद्दच झाली, काहींची घेतली ती धरणार नाहीत, वसतिगृहाचं पण बंद झालं, असं काहीतरी. तुम्हाला शब्द चांगले सुचतात. मी तुमच्या अक्षरात लिहून बघितलं, चार पानं वाया घालवली, जमलं नाही. तुमच्या हातचं असलं की ती एका वाचनात मानेल. दुसऱ्या कुणाचं मानणार नाही.

तुम्ही खोटं लिहीत नाही, मला माहीत आहे. खरं लिहायचं असलं तर तेही लिहा. पण ते पत्र पोस्टमन माझ्या हातात देणार.

काल भाजी निवडताना ती मला म्हणाली, "दादा, परीक्षा पुढं गेली ते बरंच झालं रे. माझी भूमिती कच्ची होती."

लवकर लिहा.

मच्छिंद्र